सांता फेत उतरायचं कुठे?

हॉटेल ठरवताना आपण आधी फोटो बघतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या सांता फे गावाच्या बाबतीत नेमकी तीच युक्ती चालत नाही. न्यू मेक्सिको राज्याच्या या राजधानीतल्या कुठल्याही हॉटेलचा फोटो उघडा: मातकट तपकिरी भिंती, गोलसर कोपरे, भिंतीबाहेर आलेली लाकडी तुळयांची टोकं, एखादा निळा दरवाजा. इमारत शंभर वर्षांची आहे की चाळीस, रात्रीचे सातशे डॉलर घेते की शंभर, यातलं काहीही त्या चित्रावरून ओळखता येत नाही. 1957 साली शहराने नियम केला, की ऐतिहासिक भागातली प्रत्येक इमारत ठरावीक जुन्या धाटणीचीच दिसली पाहिजे. तेव्हापासून बँका, वाहनतळ, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांनी मातीचा रंग घेतला आहे.

हा हट्ट आला कुठून, ते कळल्याशिवाय इथे उतरण्याच्या जागेचा विचार नीट करता येत नाही. 1610 च्या सुमारास स्पॅनिश लोकांनी ही राजधानी वसवली. 1680 मध्ये पोपे या नेत्याच्या मागे उभ्या राहिलेल्या प्वेब्लो जमातींनी उठाव करून त्यांना हाकलून दिलं, बारा वर्षांनी ते परत आले. 1821 पासून मिसूरीकडून निघणारे व्यापाऱ्यांचे तांडे इथल्या चौकात, म्हणजे प्लाझात, येऊन थांबू लागले. मग 1880 मध्ये रेल्वे आली आणि गंमत अशी झाली, की जिच्या नावातच सांता फे होतं त्या रेल्वेची मुख्य लाइन डोंगराच्या चढामुळे गावाला वळसा घालून लामी नावाच्या लहानशा स्टेशनावरून गेली. गावाच्या वाट्याला फक्त एक फाटा आला. व्यापार अल्बुकर्कीकडे सरकला आणि सांता फे मागे पडलं.

1912 मध्ये न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला, त्या सुमारास गावातल्या पुढाऱ्यांनी आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी ठरवलं की आपल्याकडे विकायला एकच गोष्ट आहे, जुनेपण. तोवर गावकरी हौसेने विटांची, व्हिक्टोरियन थाटाची घरं बांधत होते. ते थांबवून गावाला पुन्हा मातीचं रूप द्यायचं ठरलं. प्लाझावरचा गव्हर्नरांचा वाडा खरोखर सतराव्या शतकातला आहे, पण त्याच्या पुढची ती प्रसिद्ध लांबलचक ओसरी 1913 मध्ये बांधलेली आहे. आधीचा व्हिक्टोरियन सज्जा काढून ती बसवली. म्हणजे गावातल्या सर्वांत जुन्या इमारतीचा चेहरासुद्धा पर्यटकाच्या वाटेकडे डोळे लावून घडवलेला. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. गावाने स्वतःचाच जुना पोशाख पुन्हा अंगावर घातला, इतकंच. मात्र राहण्याच्या दृष्टीने याचा एक रोकडा अर्थ निघतो: सांता फेत जुनं दिसण्याचे पैसे मोजू नयेत, कारण जुनं दिसणं तिथे सगळ्यांना सक्तीचं आहे. पैसे मोजायचे ते अंतराचे, भिंतीच्या जाडीचे आणि महिन्याचे.

भिंतीचं आधी सांगतो, कारण मराठी वाचकाला ती लगेच समजेल. खरं अडोबी घर म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या दीड-दोन फूट जाड भिंती, वर गोल तुळया, तुळयांवर आडव्या काटक्या आणि त्यावर मातीचं सपाट छत. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाच्या घरात ज्याचं बालपण गेलंय, त्याला या घराची आतली हवा सांगावी लागणार नाही. सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे 7,000 फुटांवर आहे, हवा कोरडी. जुलैत दुपारी तीस अंशांपर्यंत चढलेला पारा रात्री पंधराच्या खाली येतो. जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवते आणि रात्रीचा गारवा दुपारपर्यंत. पण 1957 नंतर बांधलेल्या बहुतेक इमारतींत लाकडी सांगाडा किंवा सिमेंटचे ठोकळे असतात, वर तपकिरी गिलावा. स्थानिक लोक त्याची मनसोक्त टिंगल करतात. तेव्हा हॉटेलला विचारायचा प्रश्न ‘किती जुनं आहे?’ हा नाही. ‘ही खोली अडोबीची आहे का, आणि कोपऱ्यातली शेकोटी खरी लाकडाची की गॅसची?’ हा आहे. इथल्या खोल्यांच्या कोपऱ्यात गोल तोंडाची, भिंतीतच घडवलेली शेकोटी असते; तिच्यात पिन्यॉन पाइनची लाकडं उभी करून जाळतात. ऑक्टोबर ते मार्च त्या धुराचा वास गावभर असतो. शेकोटी चालू स्थितीत नसेल तर तिच्या फोटोवर भाळू नये.

आता अंतर. प्लाझाच्या भोवती दहा मिनिटं चालण्याच्या टप्प्यात राहणं हा सर्वांत महाग आणि पहिल्या भेटीसाठी, माझ्या मते, सर्वांत योग्य पर्याय आहे. गव्हर्नरांचा वाडा, 1917 सालचं राज्य कलासंग्रहालय, जॉर्जिया ओ’कीफ या चित्रकर्तीचं 1997 मध्ये उघडलेलं संग्रहालय, आर्चबिशप लामीने बांधून घेतलेलं कॅथीड्रल, लोरेटो चॅपेलचा मधल्या खांबाविना वळत जाणारा लाकडी जिना, हे सगळं पायी होतं. पण खरी किंमत वसूल होते ती सकाळी आणि रात्री. सकाळी वाड्याच्या ओसरीत मूलनिवासी कारागीर चादरी पसरून चांदीचे, फिरोजाचे दागिने मांडतात. तिथे बसण्याच्या जागा रोज चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि माल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचाच असावा लागतो. गर्दीचे पर्यटक लांबून गाड्या चालवत येईपर्यंत चालत पोचलेल्याला निवांत बोलता येतं. आणि रात्री गाव लवकर मिटतं. नऊनंतर जेवायला काही मिळवणं अवघड होतं. अशा वेळी मुक्कामाची जागा चार मैलांवर आहे की चार गल्ल्यांवर, याने सगळी संध्याकाळ बदलते.

प्लाझाच्या कोपऱ्यावर ला फोंडा हे हॉटेल आहे. त्या जागेवर आधीही धर्मशाळावजा खाणावळी होत्या. आजची इमारत 1922 मधली. गावातल्या लोकांनी समभाग काढून ती उभी केली, ती डबघाईला आली, 1925 मध्ये रेल्वेने घेतली आणि फ्रेड हार्वी कंपनीकडे चालवायला दिली. हार्वी कंपनीने लगेच पुढच्या वर्षी रेल्वेच्या प्रवाशांना मोटारीतून प्वेब्लो वस्त्या दाखवायच्या सहली सुरू केल्या. आज ज्याला आपण ‘पॅकेज टूर’ म्हणतो त्याचा तो एक पूर्वजच. हॉटेलची अंतर्गत सजावट मेरी कोल्टर यांची. ग्रँड कॅनियनच्या पूर्व टोकाला दगडी टेहळणी बुरूज पाहिला असेल, तर त्यांचं काम तुम्ही आधीच पाहिलं आहे. इथे रंगवलेल्या काचा, हाताने चितारलेले पलंग, कोरीव तुळया अजून आहेत. राहायचं नसलं तरी आत एक चक्कर जरूर मारावी. कोणी अडवत नाही.

ला पोसादा या हॉटेलची गोष्ट गावाच्या इतिहासाचा सारांश वाटावा अशी आहे. त्याच्या पोटात 1882 ची खरीखुरी जुनी हवेली आहे, अब्राहम श्टाब या व्यापाऱ्याची, पण ती विटांची आणि फ्रेंच वळणाची. भोवतीच्या मातीच्या छोट्या घरांसारख्या खोल्या नंतरच्या, साधारण 1930 च्या दशकातल्या. म्हणजे ‘जुन्या’ सांता फेचं वातावरण नव्या भागात आणि अस्सल जुना भाग परदेशी वाटणारा. श्टाबबाईंचं भूत तिथे वावरतं अशी ख्याती आहे. त्याचं जादा भाडं लावत नाहीत हे नशीब. जवळच ताओसच्या प्वेब्लो वस्तीतल्या मजल्यांच्या धर्तीवर बांधलेलं लोरेटो हे हॉटेल 1975 चं आहे आणि बहुतेकांना तेच गावातलं सर्वांत प्राचीन वाटतं.

प्लाझाजवळ राहण्याचे तोटे सरळ आहेत. जुन्या इमारतींत खोल्या लहान, जिने अरुंद, लिफ्ट असेलच असं नाही. मुलांकडे अमेरिकेत आलेल्या सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तळमजला आधी मागून घ्यावा. गाडी ठेवण्याचे पैसे वेगळे. खोलीच्या भाड्यावर राहण्याचा कर आणि विक्रीकर मिळून साधारण 15 टक्के चढतात. ‘रिसॉर्ट फी’ नावाचा अमेरिकन चोरखिसाही असतो. मे 2025 पासून केंद्रीय नियमाने अशी सक्तीची शुल्कं जाहिरातीतल्या दरातच दाखवायला हवीत, पण कर अजूनही शेवटी जोडला जातो.

नदीपलीकडे दक्षिणेला अनाल्को वस्ती आणि पूर्वेला कॅनियन रोड. हा भाग प्लाझापेक्षा शांत आणि दिसायला अधिक खरा. सान मिगेलचं मातीचं चर्च इथेच आहे. फाइव्ह ग्रेसेस हे महागडं हॉटेल त्याच गल्लीत, जुन्या मातीच्या घरांत आहे. त्याच्या खोल्यांत अफगाणिस्तान, भारत, तिबेटकडचे गालिचे, कोरीव दारं आणि भरतकाम भरलेलं आहे. राजस्थानी दारामागे झोपायला न्यू मेक्सिकोपर्यंत जाण्यात काय हशील, असं आपल्याकडच्या माणसाला वाटू शकतं, आणि ते रास्तही आहे. कॅनियन रोडवर अर्धा मैल कलादालनांना लागून कलादालनं आहेत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे भिंतींवर आणि रस्त्याच्या कडेला कागदी पिशव्यांत वाळू घालून मेणबत्त्या लावतात, त्यांना फारोलितो म्हणतात. तो आठवडा गाठायचा असेल तर खोली उन्हाळ्यातच ठरवून टाकावी.

याच पूर्व भागात भाड्याने मिळणारी ‘कासिता’, म्हणजे अंगणातली छोटी घरं, पुष्कळ आहेत. स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागे जर्दाळूचं झाड. चार-सहा जणांच्या मराठी कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा हे स्वस्त आणि सोयीचं पडतं. शाकाहाऱ्यांना तर फार. न्यू मेक्सिकोचं जेवण मिरचीवर उभं आहे, लाल की हिरवी असा प्रश्न प्रत्येक ताटाबरोबर येतो आणि दोन्ही हव्या असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणायचं असतं. आपल्या जिभेला ते आवडतंच. पण हिरव्या मिरचीच्या रश्शात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी. दरवेळी विचारत बसण्यापेक्षा एक वेळचा भात-आमटीचा कुकर स्वतः लावता येणं बरं.

पण या घरांना एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे पाहुण्यानेही बघावं. पूर्वेकडच्या या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या स्पॅनिश वंशाची कुटुंबं राहत आली. श्रीमंत बाहेरच्यांनी घरं घेतली, किमती वाढल्या, कर वाढले, मुलं गावाच्या दक्षिण टोकाला किंवा पार रिओ रांचोला राहायला गेली. हॉटेलात चादरी बदलणारी, भांडी घासणारी माणसं आज रोज लांबून कामाला येतात. शहराने म्हणून निवासी भागात थोड्या दिवसांच्या भाड्याच्या घरांना 1,000 परवान्यांची मर्यादा घातली. घर ठरवताना परवाना आहे का, एवढं विचारणं कठीण नाही, आणि ते न विचारता गावाच्या ‘अस्सलपणा’बद्दल हळहळणं मला पटत नाही.

पैसा कोणाच्या हातात जातो, हा प्रश्न निघालाच आहे तर आणखी एक पर्याय सांगायला हवा. रेलयार्ड नावाच्या भागाजवळच्या हॉटेल सांता फेची बहुतांश मालकी पिकुरीस प्वेब्लोकडे आहे. उत्तरेला पंधरा-वीस मिनिटांवर पोवाकी प्वेब्लोचं बफेलो थंडर हे मोठं कॅसिनो-हॉटेल. दुसऱ्यात जुगाराच्या यंत्रांचा कलकलाट आहे आणि मला तिथे राहावंसं वाटणार नाही. पण पहिलं उत्तम आहे. ज्यांची संस्कृती बघायला आपण जातो त्यांच्याच मालकीच्या जागेत उतरण्याची सोय फार थोड्या पर्यटनस्थळी मिळते.

रेलयार्ड हा भाग मुळात मालधक्क्याचा. 2008 मध्ये तो नव्याने खुला झाला. शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार, समकालीन कलेची दालनं, सिनेमागृह, आणि अल्बुकर्कीहून येणाऱ्या रेल रनर गाडीचं शेवटचं स्टेशन. प्लाझापर्यंत चालत पंधरा मिनिटं. गाडी न चालवणाऱ्या पाहुण्यांसाठी ही जागा सर्वांत चांगली, कारण बहुतेक विमानं अल्बुकर्कीला उतरतात आणि तिथून सांता फे 65 मैलांवर आहे. रेल्वे स्टेशन विमानतळावर नाही, तिथपर्यंत बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. पुढचा प्रवास दीड-पावणेदोन तासांचा, वाटेत प्वेब्लोंच्या जमिनीतून. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून रेलयार्ड सुचवेन.

तिथून नैऋत्येला जाणारा सेरियोस रोड म्हणजे साखळी हॉटेलं, पेट्रोलपंप आणि टायरची दुकानं. प्लाझाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी भाड्यात खोली मिळते, गाडी दारात उभी राहते, सकाळचा नाश्ता फुकट असतो. दिवसभर बँडेलिअर, चिमायो, अबिक्यू अशी भटकंती करून फक्त झोपायला परतणाऱ्यांनी इथे उतरण्यात काहीच कमीपणा मानू नये. शिवाय हा रस्ताही इतिहासाबाहेरचा नाही. 1937 पर्यंत प्रसिद्ध रूट 66 सांता फेतूनच जात होता. 1936 चं एल रे हे मोटेल, आता नटूनथटून, अजून चालू आहे. जवळच बंद पडलेल्या बोलिंग खेळाच्या इमारतीत म्याव वुल्फ या कलाकारांच्या गटाने 2016 मध्ये उभं केलेलं चक्रावून टाकणारं ‘घर’ आहे. मुलं बरोबर असतील तर जुन्या चर्चांपेक्षा तेच त्यांच्या लक्षात राहील.

उत्तरेचे डोंगर ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांचे. आर्चबिशप लामीने विश्रांतीसाठी बांधलेल्या कुटीभोवती वाढलेलं बिशप्स लॉज, स्की-मैदानाच्या रस्त्यावर 1981 पासून चालू असलेलं टेन थाउजंड वेव्ह्ज हे जपानी पद्धतीचं स्नानगृह-निवास, आणखी काही रिसॉर्ट. टेसुकी गावाच्या दिशेला राहण्याचं एक व्यावहारिक कारण म्हणजे सांता फे ऑपेरा. 1957 पासून दर उन्हाळ्यात उघड्या रंगमंचावर चालणारा हा महोत्सव रात्री आठ-साडेआठला सुरू होतो आणि मध्यरात्रीकडे संपतो. ऑपेरा नको असेल तर या बाजूला राहून रोज गावात ये-जा करणं मला महागात पडलेला एकांतवास वाटतो.

आणि महिना. ऑगस्टमधल्या इंडियन मार्केटला (सुरुवात 1922) सुमारे हजार मूलनिवासी कलाकार येतात आणि गावातली प्रत्येक खोली भरते. सप्टेंबरच्या तोंडावर झोझोब्रा हा पन्नास फुटी बाहुला जाळतात, पाठोपाठ 1712 पासूनचा फिएस्टा हा उत्सव. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीच्या बलून महोत्सवाची गर्दी इथवर सांडते. या दिवसांत सेरियोस रोडसुद्धा प्लाझाचे दर लावतो. मेचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबरचे शेवटचे दहा दिवस धरले, तर तेवढ्याच पैशांत एक पायरी वरची जागा मिळते. नोव्हेंबरात आणखी स्वस्त, थंडी कडक.

उंची मात्र कुठल्याही महिन्यात तीच. हे गाव कळसूबाईच्या शिखराहून दीड हजारांहून अधिक फुटांनी उंच आहे. पहिल्या रात्री झोप न लागणं, डोकं जड होणं सर्रास होतं. ज्येष्ठांना रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर पहिली रात्र हजार-दोन हजार फूट खाली, अल्बुकर्कीत काढून मग वर यावं. जुन्या घरांत वातानुकूलन नसलं तर घाबरू नये. विदर्भात चालतो तोच पाण्याचा कूलर तिथे छतावर बसवलेला असतो, आणि कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो, फक्त जुलै-ऑगस्टच्या दुपारच्या वादळी पावसात जरा कुचकामी ठरतो.

‘ओपनहायमर’ हा चित्रपट पाहून निघालेल्यांसाठी एक पत्ता: 109, ईस्ट पॅलेस अव्हेन्यू. 1943 पासून लॉस अलामोसच्या गुप्त प्रकल्पावर येणाऱ्या शास्त्रज्ञांना आधी याच बोळातल्या कचेरीत हजेरी द्यावी लागे, आणि डोरोथी मॅकिबिन त्यांना डोंगरावर पाठवत. प्लाझापासून पाच मिनिटांवर आहे. लॉस अलामोसला मुक्काम करण्याची गरज नाही. तिथला दिवस सांता फेतून आरामात होतो. ताओसचं वेगळं. 1992 पासून जागतिक वारसा असलेली तिथली प्वेब्लो वस्ती आणि वाटेवरचं, मातीचा प्रसाद देणारं चिमायोचं चर्च एका दिवसात उरकण्यासारखी नाहीत. पाच रात्री हाताशी असतील तर तीन सांता फेत चालण्याच्या टप्प्यात आणि दोन ताओसला, असं वाटून घ्यावं. तीनच असतील तर ताओस सोडावं आणि तीनही प्लाझा किंवा रेलयार्डला काढाव्यात.